चौऱ्याऐंशी उंबरठे

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तलावाच्या दरवाजाघरातल्या पडद्यावर सल्ला उमटला : दरवाजे बंद ठेवा.

ललिता दिघोरेनं तो दोनदा वाचला. खाली नेहमीसारखे दोन आकडे होते. दरवाजे उघडले तर भोईपुऱ्यात चौऱ्याऐंशी उंबरठ्यांना पाणी लागेल. बंद ठेवले तर तलाव आणखी पस्तीस सेंटीमीटर चढेल आणि सरोवर कॉलनीत एकसष्ट उंबरठ्यांना पाणी लागेल. चौऱ्याऐंशीपेक्षा एकसष्ट कमी, म्हणून दरवाजे बंद. हिशेब सरळ होता.

बाहेर पाऊस थांबला होता, पण वरच्या डोंगरात रात्रभर कोसळला होता आणि ते सगळं पाणी आता साखरबोडीच्या तलावाकडे धावत होतं. पालिकेनं नेमलेली तलाव-पालक म्हणून दरवाजांची कळ ललिताच्या हातात होती. भोईपुरा हे तिचं माहेर. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, नाल्याच्या दोन्ही अंगांना वसलेला. कॉलनी वरच्या काठावर, तलावाच्या जुन्या बुडीत जमिनीवर बांधलेली. तलाव भरला की कॉलनी बुडायची, सोडला की भोईपुरा. चाळीस वर्षांचं हे भांडण. त्यापायी मारामाऱ्या झाल्या होत्या, एकदा तर दरवाजांची मोटारच कुणीतरी पळवली होती.

मग चार वर्षांपूर्वी, २०३९ साली, ही यंत्रणा आली. लोक तिला 'उंबरठा' म्हणत.

तिचं तंत्र समजायला अवघड नव्हतं. गावातल्या प्रत्येक घराच्या उंबरठ्याची उंची लेसरनं सेंटीमीटरपर्यंत मोजलेली होती. नाल्याचं प्रत्येक वळण, प्रत्येक मोरी यंत्राला पाठ होती. पावसाचं रडार सहा तास पुढचं सांगायचं आणि कुठला दरवाजा किती उचलला तर कुणाच्या घरात किती पाणी शिरेल, हे यंत्र मिनिटाभरात काढायचं. दुसरा भाग पाळीच्या पोटात होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या मातीच्या पाळीत केसाएवढी जाड काचेची तार पुरली होती. एका टोकातून प्रकाशाचा ठिपका सोडायचा. तारेतल्या कणाकणावरून त्यातला थोडा प्रकाश मागे फिरतो, आणि तार जिथे थंड झाली असेल तिथून फिरणारा प्रकाश किंचित वेगळा असतो. तलावाचं पाणी मातीपेक्षा थंड. तेव्हा पाळीत जिथे पाणी झिरपू लागेल तिथे तार गार पडते, आणि कितव्या मीटरवर हे घडतंय ते डोळ्यांना काही दिसण्याच्या आधी कळतं.

दोन्ही वस्त्यांनी नियमावर सह्या केल्या होत्या. ज्यात कमी उंबरठे बुडतील तो निर्णय. यंत्राच्या सल्ल्याविरुद्ध मोटार चालूच व्हायची नाही. पालकानं स्वतःच्या नावावर, कारण लिहून कुलूप उघडलं तरच.

पहिल्या वर्षी सगळ्यांना हायसं वाटलं. नंतर ललिताच्या लक्षात एक गोष्ट येत गेली. आधी पूर यायचा. आता तो कुणीतरी पाठवायचं. कोणाच्या घरात किती पाणी जाणार हे आधीच माहीत असल्यावर देवाकडे बोट दाखवता येत नव्हतं.

तिनं पाळीचा आलेख उघडला. तीनशे चाळीस मीटरवर एक निळा ठिपका होता. काल तो नखाएवढा होता. आज बोटाएवढा. बाजूला आकडा : पाळ फुटण्याची शक्यता शंभरात तीन. दहाच्या वर गेल्याखेरीज यंत्र ती गोष्ट सल्ल्यात धरत नसे.

ती उठली, छत्री घेतली आणि ठिपका प्रत्यक्ष पाहायला पाळीवरून निघाली.

*

तीनशे चाळीस मीटरच्या खांबापाशी पाळीचा उतार ओला होता, पण आज सगळंच ओलं होतं. ललिता खाली उतरली, गवत बाजूला करून हात लावला. माती बर्फासारखी गार. बोटांना चिकटलेलं पाणी स्वच्छ होतं. गढूळ असतं तर माती वाहून चाललीय असं समजायचं. अजून तरी तसं नव्हतं.

परत वर चढण्याऐवजी ती भोईपुऱ्याच्या मागच्या गल्लीनं निघाली. जवळची वाट तीच होती. तरी फेब्रुवारीतल्या मोजणीपासून तिनं त्या गल्लीत पाऊल टाकलेलं नव्हतं. काही ना काही कारण निघायचंच. आज निसरडा उतार पुन्हा चढणं अवघड होतं.

तिचा मोठा भाऊ, मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष शिवचरण वलथरे याच्या घरामागे टिनाच्या खोल्यांची रांग होती. प्रत्येक खोलीला दार, प्रत्येक दाराला सिमेंटचा उंबरठा, प्रत्येक उंबरठ्यावर पालिकेची क्रमांकाची पाटी. ललितानं पहिलं दार ढकललं. आत जाळी टांगलेली. दुसऱ्यात सरपण. तिसऱ्यात दोन बकऱ्या बांधलेल्या, त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती एकेक दार उघडत शेवटपर्यंत गेली. सव्वीस. एकाही खोलीत चूल नव्हती.

ती तिथेच उभी राहिली. चौऱ्याऐंशीतून सव्वीस गेले, उरले अठ्ठावन्न. अठ्ठावन्न हे एकसष्टपेक्षा कमी. म्हणजे खऱ्या आकड्यांनी सल्ला उलटा झाला असता.

"पायलंस?" मागून आवाज आला. शिवचरण कोपऱ्यावर उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर ओला टॉवेल.

"दादा, हे काय करून ठेवलं?"

"तुले माहीत नव्हतं का?"

खरं तर ललिताला माहीत होतं. मोजणीच्या आठवड्यात रात्रंदिवस चाललेला टिनाचा खडखडाट तिनं ऐकला होता. तिनं फक्त पाहिलं नव्हतं.

"ते वरचे लोक आमाले माणसात कधी मोजत होते?" शिवचरण जवळ आला. त्यानं आवाज चढवला नव्हता. "बारा वर्सं झाले. न सांगता-सवरता दोनी दरवाजे उघडले. कोणी भोंगा वाजवला नाई, कोणी पोरगं धाडलं नाई. आई खाटेवर होती, तिले उठता येत नव्हतं. मी तलावावर जाळं ओढत होतो. आलो तं खाट पाण्यात. तू कुठं होतीस?"

"नागपूरले होतो."

"शिकत होतीस. खेडीकर मॅडमनं धाडलं म्हणून." त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "आता मशीन दारं मोजते म्हंते. मंग मी दारं बांधली. मी काही कोणाले बुडवत नाई, ललिता. मी फक्त आमच्यावर पाणी सोडू देत नाई."

"तीनशे चाळीसवर पाळ झिरपते, दादा. तलाव आणखी चढला तं पाळीवर जोर येईल."

"मशीन काय म्हंते?"

"शंभरात तीन."

"म्हंजे सत्त्याण्णव वेळा काही होत नाई."

"आन् त्या तीनांत तुही पोरं हायेत."

शिवचरणनं नजर पाळीकडे वळवली. मग म्हणाला, "पाळ आमच्या आज्या-पंज्यांनी बांधली. ती नाई फुटत. तू ह्या खोल्या नाई पायल्या. घरी जा."

*

ललिता दरवाजाघरात पोचली तेव्हा साडेदहा होत आले होते आणि आत सौदामिनी खेडीकर खुर्चीच्या काठावर बसून होत्या. वय एकाहत्तर, निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका, कॉलनीच्या प्रतिनिधी. ललिताला दहावीनंतर मासळीबाजारात बसवायचं ठरलं असताना याच बाईंनी घरी जाऊन आईशी भांडून तिला कॉलेजात नेलं होतं आणि पुढे नागपूरला नोकरी सांभाळून सर्वेक्षणाचा अभ्यासक्रम करायला लावला होता.

"पाणी माझ्या जाईच्या मांडवापर्यंत आलंय," खेडीकर मॅडम म्हणाल्या. "मी तक्रार करायला आलेले नाही. नियमावर माझी सही आहे. फक्त एवढं सांग, आकडा बरोबर आहे ना? कारण गेल्या वर्षी भोईपुऱ्यात अठ्ठावन्न होते."

त्यांना एवढा नेमका आकडा लक्षात असेल असं ललिताला वाटलं नव्हतं. पडद्यावरचा निळा ठिपका आता अंगठ्याएवढा झाला होता. शंभरात चार.

तिच्यासमोर दोन वाटा होत्या. गप्प बसायचं, म्हणजे कॉलनी बुडेल, भाऊ वाचेल आणि पाळीचं काय ते नशिबावर. किंवा यादी उघडायची.

तिनं यादी उघडली. क्रमांक एकशे बारा : रिकामा. यंत्रानं विचारलं, खात्री आहे? तिनं अंगठा टेकवला. एकशे तेरा : रिकामा. खात्री आहे? अंगठा. भावाची दारं ती एकेक करून पुसत गेली. सव्वीस वेळा यंत्रानं विचारलं आणि सव्वीस वेळा तिनं अंगठा टेकवला. शेवटी तिच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

पडदा क्षणभर कोरा झाला. मग : दरवाजे उघडा.

खेडीकर मॅडमनी डोळे मिटले. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी कोणाचं नाव विचारलं नाही.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. शिवचरण आत आला. यादीतला बदल दोन्ही वस्त्यांच्या फोनवर लगेच जात असे. त्याच्यामागे पायऱ्यांवर भोईपुऱ्यातली दहाबारा माणसं दिसत होती.

"पुसलेस?" तो म्हणाला. "माह्या हातानं बांधलेली दारं पुसलेस?"

"रिकामी होती, दादा."

"अन् त्यायची?" त्यानं खेडीकर मॅडमकडे बोट केलं. "त्यायचे एकसष्ट मोजले का तू? का फक्त आमच्याच दारात जाऊन पायलंस?"

ललितानं मॅडमकडे पाहिलं. तिनं ते मोजले नव्हते. ते खोटे असतील असं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि हेच आत्ता तिला टोचलं.

"मॅडम?"

खेडीकर मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. खोटं कबूल करायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागत होता. "तलावाकडच्या रांगेत नऊ बंगले बंद आहेत," त्या म्हणाल्या. "मालक परदेशात. कुणी सहा वर्षांत फिरकलेलं नाही. मोजणीच्या वेळी आमच्या लोकांनी दिवे लावून ठेवले होते. मला माहीत होतं. मी बोलले नाही."

ललितानं पुन्हा यादी उघडली. नऊ वेळा अंगठा. एकसष्टातून नऊ गेले, बावन्न उरले.

पडद्यावर उमटलं : दरवाजे बंद ठेवा.

शिवचरण हसला. त्या हसण्यात आनंद नव्हता. "झालं? आता तं खऱ्या हिशोबानं बी बंदच."

पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "चला, कुलूप लावा त्या मोटारीले!"

ललिताचं लक्ष त्या आकड्यांकडे नव्हतंच. बावन्न आणि अठ्ठावन्न. सहा घरांचा फरक. खोटं होतं तेव्हाही यंत्र ठामपणे बोललं, खरं झालं तेव्हाही तितक्याच ठामपणे. दार कोणाचं, आत कोण झोपलंय, कोणाला उठता येत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी सगळ्यांनी मिळून त्याला फक्त दारं शिकवली होती.

आणि डाव्या कोपऱ्यात, ज्याकडे कोणी बघत नव्हतं, तिथे लिहिलेलं होतं : शंभरात सात.

"दादा, सात झाले."

"दहाच्या वर जाऊ दे. मंग बोल."

"दहाच्या वर गेल्यावर दरवाजा उघडून उपयोग नाई. पाणी उतरायले दोन घंटे लागतात. तोपर्यंत पाळ थांबंल का?" ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "आता उघडलं तं तुह्या घरात ईतभर पाणी येईल. पाळ गेली तं घरच राहणार नाई. कोणाचंच."

"मागच्या वेळी बी असंच म्हटलं असंल कोणी," शिवचरण म्हणाला. "पाळ वाचवाची होती म्हणून सोडलं. आई गेली."

ललितानं घड्याळाकडे पाहिलं. ती खेडीकर मॅडमकडे वळली.

"मॅडम, मी दरवाजे उघडते. माझ्या नावावर. पण एका अटीवर. कॉलनीतली हातीपायी धड असलेली सगळी माणसं आत्ता खाली भोईपुऱ्यात येतील. एकेका घरातलं सामान उचलतील, म्हातारी माणसं, पोरं, बकऱ्या, सगळं पाळीवरच्या शाळेत नेतील. शेवटचं माणूस वर आल्याचं मला कळलं की मी कळ दाबेन. त्याआधी नाही. तुमचे दिवाणखाने भिजले तरी नाही."

"किती वेळ आहे?"

"चाळीस मिनिटं. त्याहून जास्त मी थांबू शकत नाही."

खेडीकर मॅडमनी फोन काढला. कॉलनीच्या भोंग्यावर त्यांचा आवाज तलावावरून घुमत आला, जुना, वर्गात दंगा झाल्यावर लागायचा तसा. "ज्यांना आपलं घर वाचवायचंय त्यांनी आत्ता दुसऱ्याच्या घरी जायचंय. गमबूट शोधत बसू नका. निघा." आणि त्या स्वतः काठी टेकत पायऱ्या उतरू लागल्या.

*

पुढची चाळीस मिनिटं ललिता खिडकीत उभी होती. पाळीच्या पायवाटेवरून आधी पाचसहा माणसं उतरली. मग कोणी नाही. मग अचानक ओळ लागली. बर्म्युडा घातलेले, लुंगीतले, एक बाई तर नाइटीवर रेनकोट चढवून. कॉलनीतले सगळे नव्हते. शंभरेक असतील. काहींनी आपापल्या गच्चीतून पाहणंच पसंत केलं, तेही तिला दिसलं.

खाली गोंधळ उडाला होता. भोईपुऱ्यातली बायामाणसं आधी दारं अडवून उभी राहिली. अनोळखी माणसांच्या हातात पोरं कोण देणार? मग मीरावहिनीनं, शिवचरणच्या बायकोनं, घरातल्या चुलतसासऱ्याला एका टक्कल पडलेल्या माणसाच्या पाठीवर बसवलं आणि मागोमाग सगळी गल्ली हलली. भांडी, गादी, शिलाई मशीन, कोंबड्यांची डाली. खेडीकर मॅडम एक बकरी दोरीनं ओढत चढावर येत होत्या आणि बकरी त्यांना ओढत होती.

अठ्ठावन्नपैकी सत्तावन्न घरांचा निरोप आला. उरलं एक.

शिवचरण आपल्या उंबरठ्यावर बसून होता.

अकरा वाजून पंचवीस मिनिटं. शंभरात आठ. ललितानं फोन लावला. त्यानं उचलला.

"दादा, वर ये."

"तू दाब. मी इथंच हावो."

"तू तिथं असताना मी नाई दाबत."

"मंग नको दाबू."

तिला कळत होतं की तो तिला अडवत नव्हता. बारा वर्षांपूर्वी ज्या पाण्याला तो उशिरा पोचला, त्या पाण्यासाठी तो आता वेळेवर बसला होता. घड्याळ पुढे जात होतं.

"आईच्या वेळी मी नव्हतो," ती म्हणाली. "तू बी नव्हतास. कोणाचाच हात तिथं नव्हता. आज शंभर हात आले, दादा. तुह्या पोरीले कोणी तरी कडेवर घेऊन शाळेत बसवलं हाये, ती तुले शोधत असंल. मी आता अकरा तीसले दाबतो. त्याच्या आधी चालायले लाग."

तिनं फोन ठेवला. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं : तीनशे चाळीस मीटरवर पाझर वाढतो आहे. निर्णय माझा. ललिता दिघोरे.

अकरा एकोणतीसला एक माणूस रिकाम्या हातानं पायवाट चढताना दिसला. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

तिनं कळ दाबली.

*

पाणी भोईपुऱ्यात शिरायला पस्तीस मिनिटं लागली. आधी मोऱ्यांतून, मग गल्ल्यांतून, तपकिरी, फेसाळ, टिनाच्या खोल्यांवर आदळत. त्या सव्वीसपैकी अकरा वाहून गेल्या. माणूस एकही गेलं नाही. कॉलनीत पाणी जाईच्या मांडवाखाली थांबलं आणि दुपारनंतर उतरू लागलं. पाळीवरचा आकडा नऊपर्यंत गेला, तासभर तिथेच अडून राहिला, मग खाली आला.

आठवड्यानं तीनशे चाळीस मीटरवर खणलं. जुन्या मोहाच्या झाडाचं मूळ आत कुजून हातभर पोकळी झाली होती. पाहायला आलेल्या अभियंत्याला शिवचरणनं विचारलं, "फुटली असती का?" अभियंता म्हणाला, सांगता येत नाही. ललिताही तेच म्हणाली. ते ऐकल्यावर भोईपुऱ्यातल्या काहींनी तिच्याशी बोलणं सोडलं. कॉलनीत तिचा सत्कार ठरला होता, तो तिनं नाकारला. बंद बंगल्यांत दिवे लावणाऱ्यांनी तिच्या बदलीसाठी अर्ज केला. शिवचरणनं मच्छीमार संस्थेचं अध्यक्षपद सोडलं. बहिणीकडे येणंजाणं बंद झालं.

नियम मात्र बदलला. दारांऐवजी माणसं मोजायची, आणि आधी ती, ज्यांना स्वतःहून उठून चालता येत नाही. दरवाजे उघडायच्या आधी वरच्यांनी खाली यायचं, बंद ठेवायच्या आधी खालच्यांनी वर जायचं. हे कलम खेडीकर मॅडमनी लिहिलं.

ऑक्टोबरात फेरमोजणी झाली. हे काम दुसऱ्या कुणाला द्या असं ललिताला सुचवलं गेलं होतं, पण ती स्वतः गेली. घरोघरी माणसं लिहायची आणि भिंतीवर पुराची रेघ मोजायची, म्हणजे यंत्राचं गणित किती चुकलं ते कळतं. एका हातानं टेप धरून दुसऱ्या हातानं लिहिणं जमत नव्हतं. तरी ती करत राहिली.

शिवचरणच्या घरी तो बाहेर आला, दाराला टेकून उभा राहिला. मीरावहिनीनं आतून माणसं सांगितली : सहा. चालू न शकणारं एक, चुलतसासरे. ललितानं लिहून घेतलं आणि टेप भिंतीला लावला. टेपचं खालचं टोक सारखं घसरत होतं.

थोड्या वेळानं शिवचरण वाकला आणि त्यानं ते टोक उंबरठ्यावर दाबून धरलं.

"तेवीस," ती म्हणाली.

त्यानं मान वाकडी करून रेघेकडे पाहिलं. "बावीस. वरचा चिखलाचा थर हाये. तो मोजू नको."

तिनं तेवीस खोडून बावीस लिहिलं. तो टोक सोडून आत गेला. चहा विचारला नाही. ती टेप गुंडाळून पुढच्या घराकडे निघाली.